प्राणवायूचाही डोस असतो

३१ जानेवारी २०२५ च्या सकाळी अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या ट्रॉय या शहरात उच्चदाब ऑक्सिजनच्या एका चेंबरने, म्हणजे रुग्णाला आत ठेवून दाबाखाली ऑक्सिजन देणाऱ्या बंद पेटीने, पेट घेतला आणि आत झोपलेला पाच वर्षांचा मुलगा जागीच गेला. त्याला सोडवायला धावलेल्या आईचे हात भाजले. मुलाला तिथे आणले होते ते झोपेतल्या श्वासाच्या तक्रारीसाठी आणि चंचलपणासाठी, आणि या दोन्हींपैकी एकही दुखणे या उपचाराच्या मान्य यादीत नाही. पुढे त्या उपचार केंद्रातल्या लोकांवर फौजदारी खटले दाखल झाले. त्यानंतर जो वाद पेटला तो आपल्याकडच्या कुटुंबांच्या आणि डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप गटांपर्यंतही येऊन पोहोचला. एक बाजू म्हणते, हे सगळे थोतांड आहे, बंद करा. दुसरी म्हणते, अपघात मोटारींचेही होतात. औषध कंपन्यांना खपत नाही म्हणून एका नैसर्गिक उपचाराची बदनामी चालली आहे. मी आयुष्याची बरीच वर्षे परिचर्येत काढली, त्यातली काही जखमांच्या वॉर्डात आणि काही अशाच एका चेंबरच्या काचेबाहेर उभी राहून. दोन्ही बाजूंचे ऐकताना मला राहून राहून वाटते की चुकीच्या प्रश्नावर हमरीतुमरी चालली आहे.

‘हायपरबेरिक ऑक्सिजन थेरपी (म्हणजे दाबाखाली ऑक्सिजन देण्याचा हा उपचार) काम करते का?’ या प्रश्नाला उत्तर नाही, जसे ते ‘इंजेक्शन काम करते का?’ या प्रश्नाला नाही. दाबाखालचा ऑक्सिजन हे औषध आहे. औषध म्हटले की कोणत्या आजारासाठी, किती मात्रेत, किती वेळा आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे आधी विचारावे लागते. या चारांपैकी शेवटचा मुद्दा वादात कोणीच काढत नाही. माझ्या मते चेंबरबाहेर उभी असलेली प्रशिक्षित परिचारिका हा या औषधाच्या मात्रेचाच भाग आहे. ती नसेल तर उरते ती ऑक्सिजनने भरलेली बंद पेटी, आणि अशी पेटी चालवण्याची परवानगी कोणालाही असू नये.

आत नेमके काय घडते, हे आधी सांगितले पाहिजे, कारण अर्धा गोंधळ तिथूनच सुरू होतो. निरोगी माणसाच्या रक्तातले हिमोग्लोबिन साध्या हवेतही जवळजवळ पूर्ण भरलेले असते. बसमधल्या सगळ्या जागा भरल्या की आणखी प्रवासी घेता येत नाहीत, तसे. मग जास्तीचा ऑक्सिजन जातो कुठे? तो रक्तद्रवात विरघळतो, सोड्याच्या बाटलीत दाबाखाली वायू विरघळतो त्याच नियमाने. साध्या हवेत श्वास घेताना १०० मिलिलिटर रक्तात असा विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम ०.३ मिलिलिटर असतो. शुद्ध ऑक्सिजन तीन वातावरणांच्या, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या तिप्पट, दाबाखाली दिला तर तो सुमारे ६ मिलिलिटरवर जातो, आणि विश्रांतीतल्या शरीराची गरज साधारण तेवढीच असते. ॲमस्टरडॅमचे शल्यविशारद इटे बुरेमा यांनी १९६० साली हे डुकरांवर दाखवून दिले: प्राण्यांच्या रक्तातल्या जवळजवळ सगळ्या तांबड्या पेशी काढून घेतल्या, तरी दाबाखालच्या ऑक्सिजनवर ते जगले. यात ‘ऊर्जा’ किंवा ‘पेशींचे पुनरुज्जीवन’ असे काही गूढ नाही. हे शाळेतले भौतिकशास्त्र आहे, आणि ते दाबाच्या आकड्यावर चालते.

म्हणूनच जिथे हा आकडा निर्णायक ठरतो तिथे हा उपचार जीव वाचवतो. आपल्याकडे थंडीच्या दिवसांत बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावून अंघोळीला गेलेली माणसे बेशुद्ध सापडतात, कधी मृत सापडतात. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. साध्या हवेत त्याचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तासा-सव्वा तासाचे काम, आणि चेंबरमध्ये तीन वातावरणांच्या दाबाखाली वीस-पंचवीस मिनिटांचे. मालवण-तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांना दाखवतात ती बुडी उथळ असते, त्यामुळे खोल पाण्यातून वर येणाऱ्या पाणबुड्यांना होणारा ‘बेंड्स’, म्हणजे रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा आजार, तिथे सहसा व्हायचा नाही. पण घाबरून श्वास रोखून वर उसळी मारणाऱ्याच्या फुप्फुसातली हवा फुगून रक्तात शिरायला दोन मीटर पाणीही पुरते. हवेचा तो बुडबुडा मेंदूकडे गेला, तर त्याला दाबून लहान करणारा आणि विरघळवणारा दुसरा उपाय वैद्यकाकडे नाही. गॅस गँगरीन, कर्करोगाच्या किरणोपचारानंतर वर्षांनी मूत्राशयातून होणारा रक्तस्राव, जबड्याच्या किरणोपचाराने मेलेल्या हाडाची काही प्रकरणे, अचानक आलेला बहिरेपणा, अशी ही यादी चौदा-पंधरा दुखण्यांवर थांबते. ती १९६७ साली स्थापन झालेल्या, समुद्राखालच्या आणि उच्चदाबाच्या वैद्यकाला वाहिलेल्या अमेरिकन संस्थेने केली आहे, आणि तिच्यातल्याही सगळ्या नोंदी सारख्या भक्कम नाहीत.

हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहिले, कारण ‘थोतांड’ म्हणणाऱ्यांचा सर्वांत बळकट मुद्दा तिथेच आहे, आणि तो मान्य केल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मधुमेही पायाच्या जखमांचेच घ्या. देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज २०२३ मध्ये आला, म्हणजे हा बाजार केवढा आहे ते दिसतेच. स्वीडनमधल्या २०१० सालच्या ९४ रुग्णांच्या चाचणीत चेंबरमध्ये ऑक्सिजन घेतलेल्यांपैकी ५२ टक्क्यांच्या जखमा वर्षभरात भरल्या, खोटा उपचार (चेंबरमध्ये नुसती हवा) घेतलेल्यांत हे प्रमाण २९ टक्के होते. आठ वर्षांनी नेदरलँड्समधल्या १२० रुग्णांच्या चाचणीत मात्र पाय वाचण्याच्या बाबतीत ठोस फरक आढळला नाही. मग यातली खरी कोणती? मला दोन्ही खऱ्या वाटतात. डच चाचणीतल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांनी ठरलेली सत्रे पूर्णच केली नाहीत, ही बातमी वॉर्डात काम केलेल्या कोणालाही धक्का देणार नाही. चाळीस ‘सिटिंग’ म्हणजे आठ आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज दीड-दोन तास आत आणि जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. पायाला जखम असलेल्या माणसाला रोज कोणी आणायचे, त्याची आणि आणणाऱ्याची मजुरी बुडते ती कोणी भरायची, डायलिसिस त्याच दिवशी आली तर काय करायचे? प्रयोगशाळेत औषध निराळे वागते आणि एसटीने येणाऱ्या माणसावर निराळे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या दोन निकालांत विसंगती दिसत नाही.

पण त्यातून निष्कर्ष कोणता काढायचा? ‘बंद करा’ हा नक्कीच नव्हे. निष्कर्ष हा की चेंबर रांगेत शेवटी उभे राहिले पाहिजे. आधी पायाच्या धमनीत रक्त पोहोचते का ते पाहायचे, तुंबली असेल तर मोकळी करायची. साखर आटोक्यात आणायची. कुजलेला भाग काढायचा. आणि जखमेवरचा भार हटवायचा, म्हणजे माणसाला त्या पायावर चालू द्यायचे नाही. अमेरिकेतली वृद्धांची सरकारी विमा योजना मधुमेही पायासाठी या उपचाराचे पैसे देते ते खोलवर गेलेल्या जखमांसाठीच आणि नेहमीचे उपचार नीट करूनही तीस दिवसांत काही सुधारणा दिसली नाही तर. आपल्याकडे मी उलटे पाहिले आहे. पॅकेजचे पैसे भरून झालेले, दहा सिटिंग झालेल्या, आणि रुग्ण मात्र चेंबरपर्यंत त्याच जखमेच्या पायावर, त्याच घट्ट चपलेत चालत येत होता. टाचेखालच्या त्या व्रणावर त्याच्या सत्तर किलोंचा भार रोज पडत होता, आणि नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची मुलगीही जे सांगेल ते त्याला कोणी सांगितले नव्हते.

दुसरीकडे, पुरावा नाही म्हणून उपचार नाकारणाऱ्यांनी एका गोष्टीचे उत्तर द्यावे. बेंड्स झालेल्या पाणबुड्यांचे दोन गट करून एकाला चेंबर आणि दुसऱ्याला नुसती खोली, अशी चाचणी कधी झालेली नाही आणि होणारही नाही. तरी आपण तो उपचार का मानतो? कारण त्याचा पुरावा माणसांनी आपल्या जिवाने लिहून ठेवला आहे. एकोणिसाव्या शतकात नद्यांखाली पुलांचे पाये खणायला दाबाने हवा भरलेल्या पेट्या वापरत. सेंट लुईस आणि ब्रुकलिनच्या पुलांवर त्यातून घाईने बाहेर येणारे कामगार वेदनेने वाकून जात. बेंड्स हे नाव त्या वाकण्यावरून पडले. ब्रुकलिनच्या पुलाचे मुख्य अभियंते वॉशिंग्टन रोब्लिंग स्वतः त्यात कायमचे खचले आणि उरलेले काम त्यांनी खिडकीतून दुर्बिणीने पाहिले, आणि रोजचे काम पत्नी एमिली यांनी सांभाळले. १८८९-९० च्या सुमारास हडसन नदीखालच्या बोगद्यावर अर्नेस्ट मॉइर हे अभियंते आले तेव्हा वर्षाला चारांतला एक कामगार मरत होता. त्यांनी जागेवर लोखंडी चेंबर बसवले, आजारी कामगाराला पुन्हा दाबाखाली घेऊन हळूहळू बाहेर काढायला सुरुवात केली, आणि मृत्यू एकदम खाली आले. यादृच्छिक चाचणी, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्णांचे गट पाडून केलेली तुलना, हा पुराव्याचा उत्तम प्रकार आहे. पण तो एकमेव प्रकार मानणारा माणूस बुडणाऱ्याला दोर टाकण्यापूर्वी दोराचीही चाचणी मागेल.

मात्र याच युक्तिवादाची बनावट आवृत्ती आज बाजारात फिरते, आणि तिच्यापासून सावध राहिले पाहिजे. ‘सेमेलवाइसलाही डॉक्टर हसले होते’ असे म्हटले की वाटेल तो दावा पवित्र होतो, असा समज दिसतो. व्हिएन्नातल्या प्रसूतितज्ज्ञ सेमेलवाइसने १८४७ मध्ये डॉक्टरांना हात धुवायला लावले तेव्हा त्याच्याकडे दोन प्रसूतिकक्षांतल्या मृत्यूंचे महिन्या-महिन्याचे आकडे होते. हसणाऱ्यांकडे काही नव्हते. या उपचाराच्या इतिहासात मात्र नेमके उलटे उदाहरण सापडते. कॅन्सस सिटीचे डॉ. ऑर्व्हल कनिंगहॅम यांनी १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत दाबलेल्या हवेचे उपचार सुरू केले आणि काही रुग्ण सुधारलेही असावेत. पण तिथून ते मधुमेह, उपदंश आणि कर्करोगापर्यंत पोहोचले, कारण हे सगळे हवेविना जगणाऱ्या जंतूंमुळे होतात अशी त्यांची धारणा होती. एका श्रीमंत कारखानदाराने त्यांना दहा लाख डॉलर दिले आणि १९२८ साली क्लीव्हलँडला ६४ फूट व्यासाचा, पाच मजली पोलादी गोल उभा राहिला, आत खोल्या, जेवणघर, हॉटेलचा थाट. अमेरिकन वैद्यक संघटना वर्षानुवर्षे विचारत राहिली, तुमचे निकाल दाखवा. ते आले नाहीत. काही वर्षांत रुग्णालय बंद पडले आणि १९४२ मध्ये तो गोल युद्धाच्या भंगारात गेला. हसले म्हणून माणूस सेमेलवाइस होत नाही. तो कनिंगहॅमही असू शकतो, आणि दोघांतला फरक वहीतल्या आकड्यांवरून कळतो.

मराठीत आपण ऑक्सिजनला प्राणवायू म्हणतो, आणि मला वाटते निम्मी दिशाभूल या सुंदर शब्दानेच केली आहे. एप्रिल २०२१ मध्ये नाशिकला रुग्णालयाच्या टाकीतून गळती झाली, पुरवठा तुटला आणि वीसहून अधिक माणसे गुदमरून गेली. त्या महिन्यात सिलिंडरसाठी रात्रभर धावलेल्या कुटुंबांच्या मनात ऑक्सिजन म्हणजे जीव हे समीकरण पक्के कोरले गेले आहे. जीव कधी जास्त होतो का? होतो. १९४० च्या दशकात अकाली जन्मलेल्या बाळांना काचपेट्यांत भरपूर ऑक्सिजन देणे ही प्रगत आणि प्रेमळ परिचर्या समजली जात होती. जितके श्रीमंत रुग्णालय तितका सढळ ऑक्सिजन. जगभरात सुमारे दहा हजार बाळे त्यात आंधळी झाली, आणि कारण पटायला १९५० च्या दशकातल्या चाचण्या व्हाव्या लागल्या. त्या काळच्या काही परिचारिकांना ऑक्सिजन कमी केलेल्या बाळांवर अन्याय होतो असे इतके वाटे की त्या रात्री गुपचूप नळ वाढवून ठेवत, असे सांगतात. मला त्यांचा राग येत नाही. मीही वाढवला असता. मायेने दिलेले औषधही औषधासारखेच वागते, हे शिकायला आमच्या व्यवसायाला फार मोठी किंमत मोजावी लागली.

आता सर्वांत अवघड आक्षेपाकडे येते, कारण तो आई-वडिलांचा आहे. ‘आमच्या मुलाला फरक पडला, आम्ही डोळ्यांनी पाहिला, तुम्ही कोण नाही म्हणणारे?’ सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नसणे) असलेल्या १११ मुलांवरची कॅनडातली चाचणी २००१ साली प्रसिद्ध झाली. निम्म्या मुलांना १.७५ वातावरण दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन, निम्म्यांना १.३ वातावरण दाबाखाली साधी हवा, प्रत्येकी चाळीस सत्रे. दोन्ही गट सुधारले, आणि सारखेच सुधारले. म्हणजे आई-वडील खोटे बोलत नव्हते; मुले खरोखर सुधारली होती. पण कशाने? आठ आठवडे रोज आई किंवा वडील शेजारी बसलेले, रोजची ठरलेली वेळ, मुलाच्या प्रत्येक हालचालीकडे कोणाचे तरी लक्ष, आणि वाढत्या वयाची स्वतःची चाल. उपचाराचे समर्थक यावर म्हणतात की १.३ हाही खरा उपचारच होता, म्हणून दोन्ही गट सुधारले. हा मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही, तेव्हा हिशेबच मांडू. १.३ वातावरणात साधी हवा घेणे म्हणजे समुद्रसपाटीला २७ टक्के ऑक्सिजन घेणे; वॉर्डात नाकात नळी घालून मिनिटाला दोन लिटर लावतो तेव्हा साधारण तेवढाच जातो. इतकेच पुरत असेल, तर लाखभराचे पॅकेज कशासाठी? आणि पुरत नसेल, तर त्या कापडी, चेन लावून बंद होणाऱ्या फुगीर पिशव्या ‘हायपरबेरिक’ या भारदस्त नावाखाली विकल्या कशा जातात? मुळात अशा पिशव्या उंच डोंगरावर विरळ हवेने आजारी पडणाऱ्या गिर्यारोहकांसाठी निघाल्या, आणि तिथे त्या उत्तम काम करतात, कारण आजाऱ्याला खाली आणण्याचे काम त्या जागेवरच करतात. मुंबईत बसलेला मुलगा आधीच खाली आहे.

वार्धक्य मागे फिरवण्याच्या दाव्याची कथाही याच वळणाची आहे, म्हणून तिच्यावर फार शाई खर्च करत नाही. इस्रायलमध्ये २०२० साली ६४ वर्षांवरच्या ३५ जणांना साठ सत्रे देऊन त्यांच्या पांढऱ्या पेशींतल्या टेलोमिअरची, म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांवरच्या वयाबरोबर आखडणाऱ्या टोप्यांची, लांबी वाढल्याचे मांडले गेले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. टेलोमिअर लांबले म्हणजे माणूस तरुण झाला हे त्या अभ्यासाने दाखवले नाही, त्याच्या जाहिरातींनी दाखवले.

‘ठीक आहे, फायदा नसेल, पण तोटा काय? पैसे आमचे, मूल आमचे.’ प्रौढ माणसाने स्वतःच्या पैशाने स्वतःवर काय करून घ्यावे यात कायद्याने फार नाक खुपसू नये, असे माझेही मत आहे. आयुर्वेदाच्या काढ्यांपासून हळदीच्या गोळ्यांपर्यंत आपण हे स्वातंत्र्य मान्य करतो. पण हळदीची गोळी पेट घेत नाही. जानेवारी १९६७ मध्ये अपोलो १ या अंतराळयानाच्या कुपीत दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठिणगी पडली आणि तीन निष्णात अंतराळवीर काही सेकंदांत गेले. दार उघडायलाही सवड मिळाली नाही. ३१ ऑक्टोबर १९९७ रोजी मिलानमधल्या चेंबरला आग लागली तेव्हा दहा रुग्ण आणि त्यांच्यासोबत आत असलेला परिचर्येतला एक सहकारी, असे अकरा जीव गेले. ठिणगीचे कारण निघाले ते एका रुग्णाने सोबत आत नेलेले हात शेकायचे छोटे उपकरण. ठिणगी यंत्रातली नव्हती. खिसा तपासला गेला नव्हता.

खिसा तपासणे ही परिचर्या आहे. माझ्या काळातली एक सकाळ सांगते. गावाकडून आलेल्या एक आजी, किरणोपचारानंतर लघवीतून रक्त जात असल्याने पाठवलेल्या. कोऱ्या सुती झग्यात बसवायच्या आधी मावशींनी त्यांच्या अंबाड्याला हात लावला तर तळवा तेलकट झाला. “आजी, डोकं धुवावं लागेल,” मी म्हटले. “अगं पोरी, तेल न लावता मी उभ्या जन्मात घराबाहेर पडले नाही,” त्या म्हणाल्या, आणि मला वाटते त्यांच्या लेखी मी त्यांना विधवेसारखे राहायला सांगत होते. खोबरेल, व्हॅसलीन, क्रीम, अत्तर, सगळे दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये इंधन होते. पॉलिस्टरची साडी घर्षणाने ठिणगी काढते. केसांतले आकडे, श्रवणयंत्र, मोबाइल, तंबाखूच्या डबीसोबतची काडेपेटी बाहेर ठेवायची. डोके धुवून, केस वाळवून, मनगटाला जमिनीशी जोडणारा पट्टा बांधून त्या आत गेल्या तेव्हा तासभर उशीर झाला होता आणि मागच्या रुग्णाचे नातेवाईक माझ्या नावाने बोटे मोडत होते. त्या तासाचे बिल कुठेच लागत नाही. म्हणूनच जिथे हिशेब दिवसाच्या सिटिंगच्या संख्येवर चालतो तिथे सर्वांत आधी तो तास कापला जातो.

आणि ही झाली फक्त आगीची गोष्ट. मधुमेह्याची साखर आत घसरते, म्हणून आधी मोजायची आणि कमी असेल तर खायला द्यायचे. फुप्फुसाभोवती हवा साठलेली असेल तर दाब काढताना ती फुगते आणि माणूस मिनिटांत जातो, म्हणून छातीचा एक्स-रे पाहिल्याशिवाय दार लावायचे नाही. श्वासनळीतल्या नळीचा फुगा हवेऐवजी सलाइनने भरायचा, कारण हवा दाबाखाली आक्रसते आणि नळी सैल होते. कान उघडायला गिळायला शिकवायचे. बाळाला बाटली द्यायची. बेशुद्ध माणसाला सांगता येत नाही, म्हणून त्याच्या चेहऱ्याकडे पाहायचे. दर वीस-तीस मिनिटांनी साध्या हवेची सुट्टी द्यायची, कारण काही हजार सत्रांत एकदा का होईना ऑक्सिजनने आकडी येते आणि ती ओठांच्या कडेला फडफडीने सुरू होते. काचेतून ती फडफड ओळखणारा डोळा पाच दिवसांच्या ‘ऑपरेटर कोर्स’मध्ये मिळत नाही. मोठ्या चेंबरमध्ये परिचारिका स्वतः आत बसते, तिच्या रक्तातही नायट्रोजन विरघळतो आणि बाहेर पडताना बेंड्स तिलाही होऊ शकतो. तेव्हा तिच्या फेऱ्यांनाही मर्यादा लागते. ‘नैसर्गिक उपचार’ म्हणणाऱ्यांनी या परिच्छेदातले नैसर्गिक काय ते मला दाखवावे.

शेवटचा आक्षेप माझ्याच व्यवसायातल्या लोकांचा आहे आणि तो मला मनापासून बोचतो. इतके कडक नियम लावले तर ही सोय मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांतच उरेल. कोल्हापूर-लातूरच्या रुग्णाने काय करायचे? मुंबईत कुलाब्याला नौदलाच्या आयएनएचएस अश्विनी रुग्णालयात पाणबुड्यांसाठी ही विद्या दशकानुदशके जोपासली गेली आहे; राज्याच्या बाकी किनारपट्टीवर बुडीच्या अपघाताला तासांचा प्रवास आहे, हे खरे. पण नियम सैल केल्याने ती दरी भरते का? अमेरिकेचा अनुभव पाहा: चेंबरांची संख्या वाढत गेली तशी रात्री-अपरात्री तातडीचा रुग्ण घेणाऱ्या चेंबरांची संख्या मात्र घटत गेली, आणि तिथले पाणबुडे याबद्दल कित्येक वर्षे ओरडत आहेत. सकाळी दहा ते सहा, ठरलेल्या वेळेचे, चालत येणारे, पॅकेज भरलेले रुग्ण घेणे फायद्याचे; पहाटे तीनला गिझरच्या धुराने बेशुद्ध झालेली मुलगी, व्हेंटिलेटरसह, घेणे तोट्याचे. बाजारावर सोडले तर तो चेंबर देईल आणि उपचार देणार नाही. म्हणून माझी मागणी संख्येची नाही. चेंबर अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयाच्या आवारातच असावे. परवाना घेणाऱ्याने चोवीस तास तातडीचे रुग्ण घेण्याची अट पाळावी. दर पाळीला या कामात प्रशिक्षित परिचारिका असावी आणि तिच्या सहीशिवाय दार लागू नये. आणि यादीबाहेरच्या दुखण्यांसाठी कोणाला उपचार करायचाच असेल, तर तो नोंदणीकृत चाचणी म्हणून, नैतिकता समितीच्या मान्यतेने आणि रुग्णाकडून एक पैसा न घेता करावा. ऑटिझमवर या उपचाराचा उपयोग होतो असा खरोखर विश्वास असलेल्या डॉक्टरला यात अडचण वाटू नये. फुकट करायला सांगितले की विश्वास किती जणांचा टिकतो, हे पाहण्याची मला उत्सुकता आहे.

गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका आईचा फोन आला. मुलगा सहा वर्षांचा, अजून बोलत नाही. एका केंद्राने साठ सिटिंग सांगितल्या होत्या. ‘करू का मावशी?’ मी हो-नाही म्हटले नाही. म्हटले, त्यांना तीनच गोष्टी विचार: दाब किती देता, मूल आत असताना बाहेर कोण उभे असते आणि तिचे शिक्षण काय, आणि आत जाण्यापूर्वी काय काय तपासता. संध्याकाळी तिने मला त्यांचे उत्तर पुढे पाठवले. या आठवड्यात पैसे भरल्यास दहा सिटिंग मोफत, असे त्यात लिहिले होते.